बंदुकीची जन्मतारीख

पुस्तकाच्या पहिल्या पानामागे वर्ष छापलेलं असतं. नाण्यावर वर्ष असतं. दुधाच्या बाटलीवरसुद्धा तारीख असते. जुन्या ब्रिटिश शिकारी रायफलीवर मात्र ती कोणत्या वर्षी तयार झाली, हे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. एक नाव असतं, एखादा पत्ता असतो, क्रमांक असतो आणि मुंगीएवढे काही शिक्के असतात. वर्ष त्यांवरून शोधून काढावं लागतं. गेल्या हिवाळ्यात मी हे काम एकदा केलं. ते कसं केलं आणि त्यातून काय निघालं, ते तुम्हाला सांगतो.

आधी एक सांगतो, मला शिकारीची आवड नाही. माझं काम संगणकाचं. एखादी यंत्रणा बंद पडली की तिच्या नोंदी वाचायच्या आणि कुठली गोष्ट आधी घडली, कुठली नंतर, हे ठरवायचं. बर्मिंगहॅममध्ये आमच्या शेजारी एक इंग्रज आजी राहतात. त्यांचे पती वारले, तेव्हा घरातल्या पोलादी कपाटात एक रायफल होती. ब्रिटनमध्ये परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की घरच्यांना बंदूक तशीच ठेवून घेता येत नाही. त्यामुळे आजींनी पोलिसांना कळवलं आणि रायफल एका परवानाधारक विक्रेत्याच्या ताब्यात दिली. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठीवर आजोबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मुंबई, १९०८.’

त्या घरातली गोष्ट अशी होती. आजोबांचे आजोबा हिंदुस्थानात रेल्वेत इंजिनिअर होते. त्यांनी ही रायफल मुंबईत विकत घेतली आणि १९०८ मध्ये मध्य प्रांतात तिने वाघ मारला. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ते मेसोपोटेमियात वारले. एक फोटोही होता. पायाशी वाघ, हातात रायफल, मागे माणसांची रांग. फोटोच्या पाठीवर तेच वर्ष. मध्य प्रांत म्हणजे नागपूर, चंद्रपूर हा आपला विदर्भही त्यात आला, म्हणून आजींना वाटलं की मला हे जास्त कळेल. त्या मला म्हणाल्या, “तू कॉम्प्युटरवाला आहेस, आणि तिकडचाच आहेस. हे खरं आहे का, एवढं बघून दे. नातवाला सांगायचं तर खरं ते सांगावं.”

मी मराठी शाळेत शिकलो. आमच्या इतिहासाच्या पुस्तकाचा पहिलाच धडा असायचा ‘इतिहासाची साधने’. साधनं तीन प्रकारची. भौतिक, म्हणजे वस्तू: नाणी, किल्ले, हत्यारं. लिखित, म्हणजे पत्रं, हिशेबाच्या वह्या, ताम्रपट. आणि मौखिक, म्हणजे तोंडातोंडी चालत आलेलं: ओव्या, पोवाडे, आजीच्या गोष्टी. परीक्षेत दोन गुणांना हा प्रश्न हमखास यायचा. आम्ही तो पाठ करायचो आणि विसरायचो. आजींच्या घरात मात्र तिन्ही साधनं माझ्यासमोर होती. गोष्ट मौखिक, फोटो आणि चिठ्ठी लिखित, रायफल भौतिक. मी वस्तूपासून सुरुवात करायचं ठरवलं, कारण वस्तूला कुणाची मर्जी राखायची नसते.

आता रायफल डोळ्यांसमोर आणा. पुढे लांब पोलादी नळी. मागे खांद्याला लावायचा लाकडी दस्ता, बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा. खाली चाप. आणि नळीच्या मागे बोल्ट. हा बोल्ट दाराच्या कडीसारखा चालतो. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलायची, की नवं काडतूस नळीत जातं. दांडी खाली वळवली की कडी लागली. (काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. पिस्तूलसुद्धा. आपण मराठीत बंदुकांबद्दल बोलायला लागलो की निम्मे शब्द परदेशी निघतात, हे गमतीचं आहे.)

विक्रेत्याच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. विक्रेता साठीतला, बोलायला कमी. त्याने आधी बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि नळी खिडकीकडे धरून आरपार उजेड दाखवला. रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो कुणाला जवळ येऊ देत नाही. मी रायफलीला हात लावला नाही, फक्त फोटो काढले आणि वहीत दोन रकाने आखले. एका रकान्यावर लिहिलं, ‘याच्या आधीची नाही.’ दुसऱ्यावर, ‘याच्या नंतरची नाही.’

वय काढायची रीत एवढीच आहे. कुठलीही एक खूण वर्ष सांगत नाही, ती फक्त एक भिंत घालते. एक भिंत अलीकडून, एक पलीकडून. भिंती जवळ येत गेल्या की मधे थोडी जागा उरते, आणि आपलं वर्ष त्या जागेत असतं.

पहिली भिंत बोल्टने घातली. ब्रिटिश शिकारी रायफलींमध्ये दोन घराणी तुम्हाला वारंवार दिसतील. एक ‘ली’ घराणं. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेवरून ब्रिटिश सैन्याच्या रायफली झाल्या, आणि त्यांचाच देखणा शिकारी अवतार ‘ली-स्पीड’ या नावाने विकला जायचा. तिच्या पोटाखाली काडतुसांची पेटी बाहेर लोंबते, ती लांबूनही ओळखू येते. दुसरं घराणं जर्मन माउझरचं. ओबर्नडॉर्फ गावच्या माउझर कारखान्याची १८९८ ची रचना इतकी पक्की होती की लंडन आणि बर्मिंगहॅमचे नामांकित कारागीर तीच पोलादी चौकट जर्मनीहून आणवत आणि तिला आपली नळी आणि आपला दस्ता बसवत. माउझरमध्ये काडतुसं सहसा लाकडाच्या आतच राहतात. पोट सपाट दिसतं, आणि बोल्टच्या बाजूला काडतूस ओढणारी लांब पोलादी पट्टी असते. आमच्या समोरची रायफल सपाट पोटाची होती. म्हणजे माउझर. म्हणजे १८९८ च्या आधीची नाही. १९०८ ला अजून काही धक्का नव्हता.

दुसरी भिंत काडतुसाची. नळीवर .३१८ असा आकडा कोरलेला होता. प्रत्येक काडतुसालाही जन्मसाल असतं, आणि काडतूस जन्मण्याआधी त्याची रायफल जन्मू शकत नाही. .२७५ रिग्बी १९०७ चं, .४१६ रिग्बी १९११ चं, .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम १९१२ चं. .३१८ हे बर्मिंगहॅमच्याच वेस्टली रिचर्ड्स कंपनीचं काडतूस. ते १९१० च्या सुमारास आलं आणि पुढे आफ्रिकेत फार खपलं. इथे १९०८ साल पहिल्यांदा डळमळलं. पण मी आजींना लगेच काही बोललो नाही. जुनी नळी झिजली की नवी बसवतात. मोटारीचं इंजिन बदलावं तसंच ते. रायफल १९०८ ची आणि नळी नंतरची, असंही असू शकतं.

ही शंका क्रमांकांनी मिटवली. विक्रेत्याने दाखवलं की चौकटीवर, नळीखाली आणि बोल्टवर एकच क्रमांक आहे, त्याच वळणाच्या आकड्यांत. हे तिन्ही भाग एकाच वेळी, एकाच बाकावर जुळवलेले होते. दस्त्याच्या टोकाचा रबर मात्र अगदी अलीकडचा होता. तो आजोबांनीच बसवला होता, हे आजींना आठवत होतं.

मग नाव. नळीवर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल., १०५ व्हिक्टोरिया स्ट्रीट, वेस्टमिन्स्टर. हे कारखान्याचं नाव नाही. हे दुकान. १८७१ मध्ये सैन्य आणि नौदलातल्या अधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून सहकारी सोसायटी काढली, आणि तिचं हळूहळू मोठं दुकान झालं. तिथे चहापासून तंबूपर्यंत सगळं मिळायचं. आज सुपरमार्केट बिस्किटं दुसऱ्याकडून करून घेतं आणि स्वतःचं नाव छापतं, तशीच ही सोसायटी बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून रायफली करून घ्यायची. सोसायटीची एक शाखा मुंबईतही होती. काळा घोड्याला गेलात तर आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून उभी आहे, आणि लोक तिला त्याच नावाने ओळखतात. ‘मुंबईत घेतली’ ही गोष्ट घरात कुठून आली असेल, याचा थोडा अंदाज मला इथे आला.

पण नावातच दुसऱ्या बाजूची भिंत लपलेली होती. सी.एस.एल. म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. १९३४ मध्ये कंपनीने हे नाव बदलून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स केलं. म्हणून ही रायफल त्यानंतरची नाही. जुन्या कारागिरांचे पत्तेही असेच कामाला येतात. हॉलंड अँड हॉलंडचं दुकान कित्येक दशकं ९८ न्यू बाँड स्ट्रीटला होतं, नंतर ब्रूटन स्ट्रीटला गेलं. नळीवरचा पत्ता वाचला की अर्धं काम होतं.

आता शिक्के, आणि हा मला सगळ्यांत आवडलेला भाग. ब्रिटनमध्ये कायद्याने परीक्षा झाल्याशिवाय बंदूक विकता येत नाही. परीक्षा घेणारी दोन ठिकाणं. लंडनची गनमेकर्स कंपनी, तिची सनद १६३७ ची. आणि बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, ते संसदेच्या १८१३ च्या कायद्याने झालं. ते बॅनबरी स्ट्रीटवर अजून चालू आहे. तुमच्यापैकी बर्मिंगहॅमला राहणारे काही जण त्याच्या दारावरून गेलेही असतील. परीक्षा अगदी सरळ असते. नेहमीपेक्षा जास्त जोराचं काडतूस घालून ते उडवायचं. नळी फुगली किंवा तडकली तर नापास. टिकली तर शिक्का. म्हणजे नळीवरचा प्रत्येक शिक्का सांगतो की ही एकदा मरणाच्या दारात जाऊन आली आहे.

नियम बदलले की शिक्केही बदलत गेले, आणि म्हणूनच ते वाचता येतात. आमच्या रायफलीवर मुकुट आणि त्याखाली ‘एन.पी.’ ही अक्षरं होती. ‘एन’ म्हणजे नायट्रो, धूर न करणारी नवी दारू. हा शिक्का १९०४ च्या नियमांचा. लंडनचा असता तर मुकुटाऐवजी तलवार धरलेला हात दिसला असता. शेजारी कॉर्डाइटचं वजन आणि २५० ग्रेनची गोळी असं कोरलेलं होतं. २५० ग्रेन म्हणजे साधारण १६ ग्रॅम. कॉर्डाइट ही दारू भुकटीची नसायची, ती बारीक दोऱ्यांसारखी असायची. काडतूस उघडलं तर आत शेवया भरल्यासारख्या दिसतात. १९५४ च्या नियमांनंतर दारूचं वजन लिहायची पद्धत गेली आणि त्याजागी दाब टनांत लिहू लागले. तीही एक भिंतच, पण आमच्याकडे १९३४ ची जास्त जवळची भिंत होती.

इथपर्यंत १९१० ते १९३४ एवढी जागा उरली. चोवीस वर्षं. विक्रेता म्हणाला, “थांबा.” त्याने दस्त्याचे दोन स्क्रू काढले आणि लाकूड अलगद बाजूला केलं. शंभर वर्षं उजेड न पाहिलेलं पोलाद होतं ते, निळसर, नवंकोरं. त्यावर एक फारच छोटी खूण होती आणि तिच्याजवळ इंग्रजी ‘सी’. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने १९२१ पासून स्वतःच्या माहितीसाठी ही खूण मारायला सुरुवात केली, दर वर्षाला एक अक्षर. ‘ए’ म्हणजे १९२१, ‘बी’ म्हणजे १९२२. पुढचं तुम्हीच मोजा.

आजींनीही बोटांवर मोजलं. मग त्या काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. १९१६ मध्ये गेलेला माणूस १९२३ ची रायफल विकत घेऊ शकत नाही, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. विक्रेत्याने लाकूड परत बसवलं आणि तो चहा करायला आत गेला. मला तो माणूस तेव्हा फार आवडला.

घरी येऊन मी तो जुना फोटो भिंगाखाली धरला. रायफलीच्या पोटाखाली काडतुसांची पेटी स्पष्ट लोंबत होती. म्हणजे ती ली घराण्यातली. वाघ खरा, आजोबांचे आजोबा खरे, १९०८ खरं. रायफल तेवढी दुसरी.

एरवी सालाच्या बाबतीत लोक शिक्क्यापेक्षा पाटीवर जास्त विश्वास ठेवतात. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध .२७५ रिग्बी बघा. कुमाऊंमधल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी ती कॉर्बेटना भेट दिली, आणि तिच्या दस्त्यावर चांदीची पाटी आहे. पाटीवर १९०७ साल आहे. पण ते साल वाघीण मेली त्याचं आहे, रायफल तयार झाली त्याचं नाही. आजींच्या फोटोमागचं वर्षही असंच फक्त फोटोचं होतं. ते रायफलीला कुणी चिकटवलं, आणि का?

यासाठी शेवटचं साधन उरलं होतं, लिखित. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून जुन्या घरांतली दप्तरं गोळा करायचे, कारण नंतर रचलेल्या बखरींपेक्षा त्या वेळच्या पत्रांवर त्यांचा जास्त भरवसा होता. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, म्हणजे माउझरच्या रचनेच्याच वर्षाचा. हा निव्वळ योगायोग, पण मला तो लक्षात ठेवायला बरा पडतो. आपल्या रायफलीचं दप्तर ग्लासगोला होतं. आर्मी अँड नेव्हीच्या हत्यारांच्या विक्रीच्या जुन्या वह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत. मी आजींच्या वतीने क्रमांक कळवला. काही आठवड्यांनी उत्तर आलं. एकच ओळ. रायफल क्रमांक, विक्री जानेवारी १९२४, आणि घेणाऱ्याचं नाव. आडनाव तेच, पहिलं अक्षर वेगळं.

ते आजोबांच्या वडिलांचं अक्षर होतं.

मी कागद घेऊन आजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग हळूहळू सांगायला लागल्या. सासरे तेवीस-चोवीस वर्षांचे असताना केनियाला गेले होते, शेती करायला. ती शेती बुडाली. ते परत आले ते चिडके होऊन. मुलाशी त्यांचं कधी पटलं नाही. आजोबा सोळाव्या वर्षी घर सोडून गेले, ते वडिलांच्या अंत्यविधीलाच परतले. “पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी वडिलांचं नाव माझ्यासमोर दहा वेळासुद्धा घेतलं नसेल,” आजी म्हणाल्या. “पण दर रविवारी ती रायफल पुसायचे. तेल लावायचे. मी म्हणायचे, वाघ मारणाऱ्या आजोबांवर किती जीव आहे यांचा!”

आजोबांना खरं माहीत होतं का? चिठ्ठी तर त्यांच्याच अक्षरात होती. कदाचित वडिलांनीच त्यांना ‘ही आजोबांची’ असं सांगितलं असेल. कदाचित आजोबांनी ती गोष्ट स्वतः जुळवली असेल, म्हणजे रायफल ठेवताही येईल आणि वडिलांचं नावही घ्यावं लागणार नाही. मला विचाराल तर मला दुसरं जास्त पटतं. आजींना मात्र पहिलं पटतं, आणि त्या माणसाबरोबर पन्नास वर्षं त्या राहिल्या आहेत, मी नाही. शिक्क्यांवरून वर्ष काढता येतं. हे त्यांवरून काढता येत नाही.

आजींचा नातू स्कॉटलंडमध्ये हरणांच्या शिकारीला जातो. त्याने परवान्यात या रायफलीची नोंद व्हावी म्हणून अर्ज केला आहे. तोवर ती विक्रेत्याच्या कपाटातच आहे. मागच्या महिन्यात आम्ही परत तिथे गेलो, तेव्हा आजींनी जुनी चिठ्ठी सोडवून पर्समध्ये ठेवली. नवी चिठ्ठी त्यांनी घरूनच लिहून आणली होती. तिच्यावर बर्मिंगहॅम, १९२३ असं होतं, आणि खाली सासऱ्यांचं पूर्ण नाव. दोरा बांधताना त्यांची बोटं थरथरत होती, म्हणून गाठ विक्रेत्याने मारली.